बाई, त्या मुलीला एकदा कोरकूत विचारून बघा

आलेलं पत्र :

आदरणीय ताई,

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. शिक्षक भरतीत निवड होऊन गेल्या वर्षी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. माझ्याकडे पहिली-दुसरीचा जोडवर्ग आहे. पट 23, त्यातली 19 मुलं कोरकू आदिवासी. शाळा सुरू झाल्यापासून जीव तोडून शिकवतेय, पण वर्गात मुलं गप्प बसतात. तीच मुलं खिचडीच्या रांगेत कोरकूत नुसता किलबिलाट करतात. थोडी मराठी बोलू लागली आहेत, पण 'बाई आला', 'दादा गेली' असं. गणितातलं साधं शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं, तर माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

मुख्याध्यापक सर म्हणतात, कोरकू ही भाषा नव्हे, बोली. तिला ना व्याकरण ना लिपी. वर्गात शिरू दिलीत तर यांना मराठी जन्मात येणार नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी 'शाळेत फक्त मराठीत बोलावे' असा फलक लावलाय. पालक म्हणतात, 'बाई, कोरकू तो घर में आती है, आप मराठी सिखाओ.' दुसरीतली एक मुलगी तर माझ्याशी आजवर एक शब्द बोललेली नाही. तिला 'अप्रगत' धरलंय आणि आता मतिमंदत्वाच्या तपासणीला पाठवायचं चाललंय. मी कोरकू शिकू का? शिकून तरी काय होणार, चार वर्षांत बदली होईल. की माझ्याच शिकवण्यात खोट आहे?

– एक शिक्षिका, मेळघाट

उत्तर :

प्रिय बाई,

आधी तो फलक काढा. त्यासाठी बैठक नको, ठराव नको. उद्या सकाळी परिपाठाच्या आधी खिळ्यावरून उतरवा आणि मागच्या कोऱ्या बाजूचं काय करायचं ते मी पुढे सांगते.

आणि त्या मुलीला तपासणीला पाठवण्याआधी एक काम करा. तुमच्या गावातल्या अंगणवाडी सेविका बहुतेक कोरकूच असतील. त्यांना एक दिवस मधल्या सुट्टीनंतर वर्गात बोलवा. तुम्ही थोड्या लांब, वह्या तपासत बसा. त्यांना त्या मुलीशी कोरकूत गप्पा मारू द्या. घरी कोण कोण आहे, काल काय खाल्लं, बकरी व्याली का, असं काहीही. आईलाही विचारा, ही घरी बोलते का, भावंडांशी भांडते का, हाक मारली की वळून बघते का. घरी ती भडाभडा बोलत असेल तर तिच्यात काही कमी नाही. तिच्याजवळ भरपूर शब्द आहेत, तुमच्या वर्गात चालतील असे तेवढे नाहीत. घरीही गप्पच असेल, हाकेला वळत नसेल, तर मात्र थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्याकडून तिचे कान तपासून घ्या. आधी कान. बुद्धीची चाचणी त्यानंतर, आणि तीही तिला कळणाऱ्या भाषेत. ज्या भाषेतला प्रश्नच मुलाला कळत नाही त्या भाषेत त्याची बुद्धी मोजणं हा अन्याय आहे. आपल्या शाळांतून तो किती मुलांवर झाला असेल, याचा विचार मनात आला की मला झोप येत नाही.

नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने गप्प राहतं, ही जगभरातल्या शिक्षकांनी पाहिलेली गोष्ट आहे. ते आळशी नसतं. ते ऐकत असतं, जुळवत असतं, चुकायला घाबरत असतं. त्यात भिंतीवर फलक लागला की त्याला एक गोष्ट पक्की कळते : मला येतं ते इथे चालत नाही.

आता 'बाई आला' कडे येते, कारण तुमच्या सगळ्या पत्राची किल्ली मला त्या दोन शब्दांत सापडली. मुख्याध्यापक सर म्हणतात व्याकरण नाही. उलट तुमची मुलं जे बोलतात ते व्याकरणच आहे, फक्त कोरकूचं. मराठीत सगळ्या जगाचे तीन भाग : तो, ती, ते. खुर्ची ती का आणि टेबल ते का, हे आपल्यालाही सांगता येत नाही, पण आपण लहानपणापासून तसं बोलतो. कोरकू जगाचे भाग वेगळे करते. तिथे प्रश्न असतो सजीव की निर्जीव. बाई काय नि दादा काय, दोघेही सजीव, मग क्रियापदाने बाईसाठी वेगळं आणि दादासाठी वेगळं रूप कशाला घ्यायचं? म्हणून तुमची मुलं 'आला' आणि 'आली' यांतलं जे हाताला लागेल ते उचलतात. त्यांना हसू नका, आणि प्रत्येक वेळी थांबवूनही दुरुस्त करू नका. 'बाई आला' म्हटलं की तुम्ही सहज म्हणा, 'हो, बाई आली, आणि बघ, दादा पण आला.' दिवसातून वीस वेळा कानावर पडू द्या. कानातून गेलेलं लिंग टिकतं, लाल शाईतून गेलेलं टिकत नाही.

दुसरी एक गंमत सांगते. कोरकूत एक आणि अनेक यांच्यामध्ये 'दोन' साठी वेगळं वचन आहे, संस्कृतात असतं तसं. आणि मराठीत आपण 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत जो फरक करतो, ऐकणारा धरून की त्याला वगळून, तो कोरकूतही आहे. हिंदीच्या 'हम' मध्ये तो नाही. म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही' शिकवताना तुमच्या मुलांना तुम्ही समजता त्यापेक्षा कमी कष्ट पडतील, कारण ती वाट त्यांच्या डोक्यात आधीच मळलेली आहे. कोरकू या नावातच व्याकरण आहे बघा : 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. सरांना हेही नम्रपणे सांगा की जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने कोरकूचं व्याकरण 1903 सालीच छापलं होतं.

लिपीचं म्हणाल तर देवनागरी काही एकट्या मराठीची नाही. हिंदी तिच्यात लिहितात, नेपाळी लिहितात, कोरकूही लिहिता येते. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली. संथाली तिची बहीण. त्या संथालीला पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 च्या सुमारास ओल चिकी ही स्वतंत्र लिपी दिली, 2003 साली घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली आणि आज तिच्यात साहित्य अकादमीचे पुरस्कार दिले जातात. एका बहिणीला भाषा म्हणायचं आणि दुसरीला बोली, हा फरक भाषेच्या अंगचा नाही. तो सरकारदरबारी किती ओळख आहे याचा आहे. 2011 च्या जनगणनेत 7 लाख 27 हजारांहून अधिक लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली. भिली-भिलोडी सांगणारे एक कोटीच्या वर होते, आणि तीही अनुसूचीत नाही.

मी हे सगळं इतक्या तळमळीने लिहितेय त्याला एक कारण आहे, आणि ते मला तुमच्यापासून लपवायचं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी धुळे जिल्ह्यात होते. तिसरीचा वर्ग होता. 'माझे कुटुंब' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलीने पहिली ओळ लिहिली, 'मना बाप वावरमा गया.' मी तिच्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माझे वडील शेतात गेले.' मला वाटलं, शिकवलं. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, अक्षर मोत्यासारखं. पण स्वतःचं काही नाही. अहिराणीतलं ते वाक्य पूर्ण शुद्ध होतं, त्यात बापाबद्दलची माया होती, आणि मी ते चूक म्हणून खोडलं. ती ओळ मला आजही पाठ आहे.

अहिराणी निदान मराठीच्या शेजारची. मुलं अंदाजाने पलीकडे येतात. कोरकूचं तसं नाही. मराठी नि कोरकू यांत भाषाकुळाचंच अंतर आहे. सांगलीच्या एखाद्या मुलाला पहिलीत एकदम अशा शाळेत बसवलं, जिथे सगळं तमिळमध्ये चालतं, तर जे होईल ते तुमच्या मुलांचं झालंय. वर आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीत इंग्रजीही आहे. आणि धारणीचा बाजार हिंदीत चालतो, बऱ्हाणपूर-खंडव्याकडचं येणं-जाणं आहे. म्हणजे सहा वर्षांचं कोरकू मूल घरी एक, बाजारात दुसरी, फळ्यावर तिसरी आणि पुस्तकात चौथी भाषा झेलतं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करायचा निर्णय निघाला तेव्हा आपण सगळे उठून उभे राहिलो, एवढ्याशा लेकरांवर किती भाषा लादणार म्हणून. सरकारला जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. आपलं म्हणणं रास्त होतं. तेच म्हणणं त्या कोरकू आईने आपल्यापुढे मांडलं तर आपण काय उत्तर देणार? तिने ते मांडलेलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

आणि तुमच्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, हे विसरू नका. तेराव्या शतकात तिथे महानुभावांनी मराठी गद्य लिहिलं. केशोबासांना संस्कृतात ग्रंथ करायचा होता तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं असं, की संस्कृतात लिहिलंस तर माझ्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. मराठीची पायाभरणी या कळवळ्यावर झाली आहे. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथून डोंगर चढून मेळघाटात आलं की ज्या म्हाताऱ्या मुकतात त्या कोरकू बोलतात.

कायदा तुमच्या बाजूने आहे, एवढं मनाशी ठेवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350क नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी पुरेशा सोयी करायचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करायचा आहे. हा अनुच्छेद 1956 चा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं, शिक्षणाचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, असं म्हटलंय. तिन्हींत पळवाट आहेच : प्रयत्न, शक्य तोवर, शक्य असेल तिथे. त्या शब्दांतून गेली कित्येक वर्षं आदिवासी मुलं निसटून जाताहेत. महाराष्ट्राला बहुभाषिक शाळा जमत नाहीत असंही नाही. बालभारती आठ भाषांत पाठ्यपुस्तकं छापते, त्यात कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू, सिंधीही आहेत. मुंबई महापालिका तमिळ माध्यमाच्या शाळाही चालवते. ज्या भाषांच्या मागे दुसरं एखादं राज्य किंवा शहरातला बोलका समाज उभा होता त्यांना माध्यम मिळालं. कोरकू, गोंडी, पावरी यांच्या मागे डोंगर होते. ओडिशाने 2007 च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते 21 भाषांपर्यंत नेलं, त्यांच्यातलेच शिक्षक नेमून. म्हणजे शक्य आहे. आपल्याकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. नर्मदाकाठच्या जीवनशाळा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून पावरी-भिलोरी मुलांना त्यांच्या भाषेचा हात धरून शिकवताहेत. लोकांनी केलं ते सरकारने मोठ्या प्रमाणावर करायला हवं होतं.

पण ते होईपर्यंत तुमची पहिली-दुसरी थांबणार नाही. तेव्हा तुमच्या हातातलं बोलू.

कोरकू शिका. अस्खलित नको. सकाळी हजेरी घेताना रोज पाच शब्द मुलांकडून शिका आणि तो फलक आठवतो ना, त्याच्या कोऱ्या बाजूवर खडूने लिहा. मुलं सांगतील, तुम्ही चुकीचं म्हणाल, ती हसतील, पुन्हा सांगतील. हसू द्या. तुमच्या वर्गात पहिल्यांदा त्यांना काहीतरी येतंय आणि बाईंना येत नाहीये, असं होईल. तुम्ही चुकूनही धीर धरता हे त्यांनी पाहिलं की त्यांना मराठीत चुकायची भीती राहणार नाही. पाणी म्हणजे 'डा', कुत्रा म्हणजे 'सिता', इथपासून सुरू करा. गावागणिक उच्चार थोडे बदलतील. तुमच्या गावचाच उच्चार बरोबर धरा, पुस्तकातला नव्हे, माझाही नव्हे.

अक्षरओळख त्याच शब्दांतून करा. कमळ न पाहिलेल्या मुलाला क कमळाचा सांगून अक्षर आणि अर्थ दोन्ही परके होतात. 'डा' हा शब्द त्याच्या घशात जन्मापासून आहे. फळ्यावर 'डा' लिहून वाचलं की त्याला विजेसारखं कळतं, की मी बोलतो ते असं दिसतं. वाचन म्हणजे काय, ही गोष्ट माणसाला आयुष्यात एकदाच कळावी लागते. ती आपल्या भाषेत कळली की पुढे कुठल्याही भाषेत वापरता येते. कॅनडातले जिम कमिन्स यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी हे मांडलं, की दोन भाषा हिमनगाच्या दोन टोकांसारख्या वरून वेगळ्या दिसल्या तरी पाण्याखाली त्यांचा पाया एकच असतो. दुसरंही त्यांनीच दाखवलं, आणि ते तुमच्या शाब्दिक उदाहरणांचं उत्तर आहे. खेळताना-बाजारात लागणारी भाषा मूल दोनेक वर्षांत उचलतं, पण पुस्तकाची, विचार करायची भाषा हाताशी यायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर 'बाई, चेंडू द्या' म्हणणाऱ्या मुलाला 'रामूजवळ 12 आंबे होते, त्यातून 5 दिले, तर किती उरले' हे कळेलच असं नाही. तो गणितात कच्चा नाही. 'उरले' वर अडलाय. बारा चिंचोके त्याच्या हातात ठेवा, पाच काढून घ्या आणि बघा.

गणिताचं आणखी थोडं, कारण तिथे मुलांवर विनाकारण शिक्के बसतात. कोरकूत 'मिया, बारी, आफै, उफुन, मोनोय' असे पाचपर्यंत अंक. मुलांकडून दहापर्यंत वदवून घ्या, दहाच्या पुढे ती कशी मोजतात ते आजोबांना विचारून यायला सांगा आणि फळ्यावर मांडा. मग मराठीकडे या. मराठीतले 'एकवीस, बत्तीस, एकोणसाठ' कठीण आहेत, बाई. आपल्याला सवयीने वाटत नाहीत एवढंच. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गहजब झाला. मराठी बुडाली म्हणून अग्रलेख पडले. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की हे मुलांच्या सोयीसाठी आहे, जोडाक्षरं आणि उलटी मोजणी यांत अडखळणाऱ्या मुलासाठी. मला त्यांचं तेव्हाही पटलं होतं. तुमच्या वर्गासारखे वर्ग डोळ्यांपुढे असते तर टीका करणाऱ्यांनीही दहादा विचार केला असता. तुम्ही 'वीस एक' बिनधास्त वापरा. 'एकवीस' मागून येईल.

एक चूक मात्र करू नका, जी कळवळ्याच्या भरात होते. प्रत्येक मराठी वाक्याचं लगेच कोरकू भाषांतर करत बसू नका. तसं केलं की मुलं मराठी ऐकणंच सोडतात, कोरकू येईपर्यंत वाट बघतात. धडा सुरू करताना विषय कोरकूत उघडा, एखाद्या मोठ्या मुलीच्या मदतीने : आज आपण पावसाबद्दल बोलणार. मग मराठी, हातवारे, चित्रं, खरी वस्तू, हालचाल यांच्या आधाराने. शेवटी कळलं का ते कोरकूत सांगू द्या. उत्तर कोरकूत बरोबर असेल तर ते बरोबर. त्यावर पूर्ण गुण, आणि मग तेच मराठीत कसं म्हणायचं ते सगळे मिळून बघा. पाचवी-सहावीतली दोन हुशार मुलं आठवड्यातून दोनदा अर्धा तास मागून घ्या. त्यांनाही जबाबदारी आवडते.

आठवड्यातून एक दिवस एखादी आजी वर्गात आणा. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी हेच उलट दिशेने केलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर नेली. तुम्हाला अंगण वर्गात आणायचंय. आजीने कोरकूत गोष्ट सांगावी. तुम्हाला कळणार नाही. चेहरे बघा. मग मुलांनी चित्रं काढावीत, चित्राखाली एक ओळ कोरकूत, एक मराठीत. पाच-सहा गोष्टी झाल्या की दोऱ्याने शिवा. तुमच्या शाळेचं पहिलं द्विभाषिक पुस्तक झालं. वाचनाच्या तासाला हेच वाचायला द्या. मुलं ते फाटेपर्यंत वाचतील.

पालकांचं ऐकून मला राग आला नाही. ते अगदी बरोबर बोलताहेत. तलाठी कार्यालयात, दवाखान्यात, मजुरीच्या हिशेबात मराठी येत नाही म्हणून त्यांनी काय काय सोसलंय ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्याशी मातृभाषेच्या महतीवर वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा, की मराठी मी कमी शिकवणार नाही, जास्त चांगली शिकवणार आहे, आणि त्यासाठी मला तुमच्या कोरकूची मदत लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. त्यांच्यापुढे मुलांना कोरकू ओळ आणि मराठी ओळ दोन्ही वाचायला लावा. स्वतःचं मूल घडाघडा वाचताना पाहिलं की आई-बापाला वेगळं पटवावं लागत नाही.

सरांशीही भांडू नका. ते वर्षानुवर्षं तिथे निकाल, निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेची उद्दिष्टं, केंद्रप्रमुखांचे शेरे यांत पिचलेत. त्यांच्या बोलण्यामागे भीती आहे, की तपासणीला कुणी आलं आणि वर्ग कोरकूत बोलताना दिसला तर आपली खैर नाही. तुम्ही कलम 29 एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवा, लागलं तर त्यांच्यासाठीच उपयोगी पडेल. शिक्षण परिषदेत तुमचा अनुभव मांडा. अमरावतीच्या डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला लेखी विचारा, कोरकूसाठी साहित्य काय मिळेल. पत्राची पोच जपून ठेवा. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की नाही म्हणणं अवघड होतं.

बदलीबद्दल. होईल. तुम्ही जाल आणि पुढची बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, हे आपल्या व्यवस्थेचं खरं दुखणं आहे. ते तुम्ही एकट्या बरं करू शकत नाही, आणि तसं ओझं घेऊही नका. पण त्या कोऱ्या बाजूवरचे शब्द रोज वहीत उतरवत जा. रोज पाच म्हणजे वर्षाला हजार होतात. ती वही, ती शिवलेली पुस्तकं शाळेच्या कपाटात ठेवून जा, दप्तराच्या यादीत नोंद करून. तुम्ही विचारलंत, तुमच्या शिकवण्यात खोट आहे का. शिकवण्यात नाही. तुम्हाला डी.एड. मध्ये कुणीही सांगितलं नाही की महाराष्ट्रात मराठी ही परकी भाषा असलेली मुलं असतात. ती खोट तुम्हाला घडवणाऱ्यांची आहे, माझ्यासारख्यांची.

दिवाळीनंतर काही घरं कामाला बाहेर पडतील, मुलंही जातील. ती होळीला परततील. होळी आणि फगवा हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, तेव्हा सुट्टी पुढे जोडून सांगलीला जाऊ नका. गावात थांबा. 'अप्रगत' वाल्या त्या मुलीच्या घरी जा. तिला नाचताना, गाताना, भावंडांवर ओरडताना बघा. तोवर तुमच्या वहीत दोनेकशे शब्द तरी झालेले असतील, त्यातले चार जोडून तिला काहीतरी विचारा. चुकलं तर ती दुरुस्त करेल. काय म्हणाली ते मला कळवा.

तुमची,
ताई